विनाकारण धावणे

गेल्या तीन वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न वाङ्मयाविषयीचा नाही. तो असा : "मॅडम, दवाखान्यात कोन हाय?"

प्रसंग बहुधा एकच असतो. पहाटेचे साडेपाच, मानवतहून पाथरीकडे जाणारा रस्ता. दुधाच्या कॅनी लटकवलेली मोटारसायकल मागून येते, वेग कमी करते, आणि अंधारात ओळख पटली की चालवणारा अत्यंत आस्थेने हा प्रश्न विचारतो. लगोलग "सोडू का?" हेही विचारतो. त्याच्या आस्थेत खोट काढण्याजोगे काही नाही. चाळिशी उलटलेली, कॉलेजात शिकवणारी बाई या वेळी रस्त्याने धावते आहे, म्हणजे घरात कोणाला तरी काही तरी झालेले असणार. दुसरे कारण त्याला सुचत नाही. त्याच रस्त्यावर शंभर पावले पुढे पोरांचा घोळका धावत असतो. त्यांना तो काही विचारीत नाही. ती पोरे भरतीची तयारी करतात हे गावाला ठाऊक आहे. त्यांच्याही पुढे दोन निवृत्त गृहस्थ हात झुलवीत भराभर चालत असतात. त्यांना साखर आहे, हेही गावाला ठाऊक आहे.

जानेवारी २०२५ मध्ये मी मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये धावले. नेमके सांगायचे तर अर्ध्या मॅरेथॉनमध्ये, म्हणजे एकवीस किलोमीटर आणि वर सत्त्याण्णव मीटर. अर्धी मॅरेथॉन ही मॅरेथॉन नव्हे, हे मला आजवर इतक्या जणांनी ऐकवले आहे, आणि त्यांतले बहुतेक जण बसस्टँडपर्यंतही स्कूटरवर जाणारे आहेत, की तो मुद्दा मी वादाविना मान्य करून टाकते. श्वास कसा घ्यावा, बूट कोणते घ्यावेत, आदल्या रात्री काय खावे यांविषयी या लेखात काहीही नाही. मला बोलायचे आहे ते त्या दूधवाल्याच्या प्रश्नाविषयी. बाईच्या धावण्याला आपल्याकडे कोणी तरी दुसरा लागतो : आजारी नवरा, वाट पाहणारे मूल, नोकरीची आस लावून बसलेले आईबाप. असा दुसरा नसेल, तर ते धावणे संशयास्पद ठरते. मी या समजुतीशी भांडले असते तर या लेखाला थोडा मान तरी मिळाला असता. मी भांडले नाही. मी तीन वर्षे खोटे बोलत आले.

मराठी शिकवणाऱ्या माणसाची खोड अशी की तो आधी शब्दांकडे जातो. पुण्यामुंबईकडे 'धावणे' म्हणतात, आमच्याकडे 'पळणे'. आता 'पळणे' या क्रियापदाचा संसार पाहा. पळपुटा, पळापळ, पळवाट, पळ काढणे, हातचे सोडून पळत्याच्या मागे लागणे : यांत एकही जागा मानाची नाही. त्यातही कर्ता स्त्रीलिंगी झाला की अर्थ आणखी आवळला जातो. "अमक्याची पोरगी पळाली" या वाक्याला आमच्या तालुक्यात एकच अर्थ आहे, आणि ते वाक्य उच्चारताना आवाज आपोआप खाली येतो. मुलगा पळाला तर तो शर्यतीत पळाला असेल, शाळेतून पळाला असेल, कर्जाला भिऊन पुण्याला पळाला असेल. मुलगी पळाली की ती पळाली. माझी एक विद्यार्थिनी मैदानावर जायला निघताना घरी 'पळायला जाते' असे कधी म्हणत नसे, 'ग्राउंडला जाते' म्हणायची. मला आधी वाटले ही इंग्रजी शब्दांची हौस. मग कळले की ती शब्द सांभाळते आहे.

'धावणे' हा शब्द काहीसा कुलीन खरा, पण त्यातही बाईची धाव ही कोणाच्या तरी हाकेला दिलेली धाव असते. संतकाव्यात तर उलट देवच धावतो. भक्ताने करायचा तो 'धावा', आणि धावत यायचे ते विठ्ठलाने. नाही म्हणायला वारीत वेळापूरजवळ 'धावा' होतो. तुकोबांना तेथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले अशी श्रद्धा आहे, म्हणून दिंड्या तो उतार धावत उतरतात. त्या गर्दीत डोक्यावर तुळस घेतलेल्या बायकाही धावतात, आणि त्यांना दवाखान्यात कोण आहे असे कोणी विचारीत नाही. पण तेथेही पुढे कळस आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईला देव भेटला तो दळताकांडताना, शेण्या वेचताना. तिला कामातून उठावे लागले नाही, किंवा उठता आले नाही, कसेही म्हणा. मात्र तीच जनी एका ठिकाणी डोईचा पदर खाली येऊ देऊन भर बाजारात निघण्याची भाषा करते, आणि तो अभंग वर्गात शिकवताना मागच्या बाकांवरची मुलेसुद्धा गप्प होतात. मराठी गद्याकडे वळलो तर चालण्याचे वैभव पुष्कळ आहे. इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती'तला 'वाटचाल' हा वारीवरचा लेख एका बाईने पायांनी आणि डोक्याने एकाच वेळी केलेला प्रवास आहे. धावण्याविषयी मात्र आपले गद्य फारसे बोलत नाही. चालताना विचार करता येतो, धावताना दम लागतो, हे एक कारण असेल. दुसरे कारण असे की चालणे कुठे तरी पोचवते, तर हौसेने धावणारा माणूस घामाघूम होऊन जेथून निघाला तेथेच परत येतो. याला आपण 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' असे म्हणून ठेवले आहे.

आता खोटेपणाकडे येते. पहिले खोटे घरी बोलले. ४४ व्या वर्षी, एका उन्हाळी सुट्टीत, कोणत्याही कारणाशिवाय मला धावावेसे वाटले. शाळेत असताना मी चांगली धावत असे, आठवीत ते थांबले आणि का थांबले याचा विचार पुढे तीस वर्षे केला नाही, एवढीच काय ती पार्श्वभूमी. पण सकाळच्या चहाच्या वेळी सासूबाईंना हे कसे सांगणार? मी म्हटले, "डॉक्टरांनी सांगितलंय, साखर काठावर आहे." कोणत्याही डॉक्टरांनी असे सांगितले नव्हते. कारण ताबडतोब चालले. स्टाफरूममध्ये चालले, शेजारीपाजारी चालले. एका सहकाऱ्याने मेथीदाण्याचा प्रयोगही सुचवला.

सासूबाई पहिल्या दिवसापासून मी परत येईपर्यंत ओट्यावर दिवा लावून बसू लागल्या. मला त्याचा राग यायचा. पाळत ठेवल्यासारखे वाटायचे. नंतर, २०२४ च्या ऑक्टोबरात 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली आणि आमच्या गावाचे नाव पुन्हा एकदा त्या एकाच गोष्टीसाठी सर्वत्र झाले, तेव्हा त्या एका रात्री आपणहून बोलल्या. १९७२ ते १९७४ या काळात येथे एकामागून एक बायका आणि लहान मुली मारल्या गेल्या. सासूबाई तेव्हा नुकत्याच लग्न होऊन या घरात आल्या होत्या, वय सतरा. दिवस मावळला की दारे लागत. पहाटे परसाकडे जायचे तर चार घरच्या बायका एकमेकींना हाका मारून, हातात हात धरून जात, आणि एकीला उशीर झाला तर बाकीच्या तेथेच अंधारात उभ्या राहत. गुप्तधन, नवस, मांत्रिक वगैरे तपशील लोक आज चवीने सांगतात. सासूबाईंच्या आठवणीत राहिला आहे तो हातांचा घामटपणा. पुढे स्पर्धेविषयी वाचताना मला दिसले की अमेरिकेतल्या बोस्टनच्या जुन्या मॅरेथॉनने स्त्रियांना अधिकृतपणे प्रवेश दिला तो १९७२ साली. त्याआधी १९६७ मध्ये कॅथरीन स्विट्झर ही तरुणी नंबर लावून धावू लागली, तेव्हा संयोजकांपैकी एकाने तिला धरून रस्त्याबाहेर ओढण्याचा प्रयत्न केला होता. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची मॅरेथॉन १८९६ पासून आहे, स्त्रियांची १९८४ पासून. तेव्हा अंधारात हात धरून चालणे ही केवळ मानवतची गोष्ट नव्हे. पण ज्या वर्षी तेथे दार उघडले, त्याच वर्षी येथे बायका दारे लावून बसू लागल्या, हा योगायोग माझ्या मनातून जात नाही. त्या दिवसापासून ओट्यावरच्या दिव्याचा मला राग येत नाही. आणखी एक सांगायला हवे. त्याच रात्री उठता उठता सासूबाई म्हणाल्या, "साखरेची गोळी तर कधी दिसली न्हाई तुझी. ऱ्हाऊ दे. लोकांना सांगायला बरं पडतं." म्हणजे ते खोटे आम्ही दोघी मिळून चालवीत होतो.

दुसरे खोटे माझ्या एका विद्यार्थिनीचे, आणि त्यातला माझा वाटा मला आजही टोचतो. कॉलेजच्या मैदानावर सकाळी भरतीची मुले असतात. पोलीस भरतीत मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. मुलांनी पाच मिनिटे दहा सेकंदांत आणि मुलींनी दोन मिनिटे पन्नास सेकंदांत अंतर तोडले तर पैकीच्या पैकी गुण. त्यांच्या तोंडी या आकड्यांना नावासारखे रूप आलेले असते : "माझं सोळाशे निघतं", "तिचं आठशे अडकतंय". ही मुले ज्या निकडीने धावतात ती पाहिल्यावर आपल्या हौसेची लाज वाटते. तीन एकर कोरडवाहू, दोन बहिणींची लग्ने, वयोमर्यादेची दोन वर्षे उरलेली, हे सगळे त्या पाच मिनिटांत कोंबलेले असते. मुली कमी असतात, सात-आठ, आणि बहुतेकींबरोबर भाऊ किंवा चुलतभाऊ येतो. त्यांतली एक मुलगी तिसऱ्या वर्षाला माझ्या वर्गात होती. ती सर्वांत सुंदर धावायची. सुंदर म्हणजे विनासायास, खांदे सैल सोडून, जमिनीला त्रास न देता. तिचे आठशे केव्हाच निघत होते. ते झाल्यावर बाकीच्या मुली गवतावर बसायच्या, ही मात्र मैदानाला फेऱ्या मारीतच राहायची.

मी तिच्या मागे अर्धी फेरी राहून धावू लागले. महिन्याभराने तिने मला सांगितले की तिची उंची एकशे बावन्न सेंटिमीटर आहे. भरतीला मुलींना एकशे पंचावन्न लागते. उंचीची पट्टी ही भरतीची पहिली पायरी, तेव्हा तिचे आठशे मोजण्याची वेळ कधीच येणार नव्हती. तिला हे दोन वर्षांपासून ठाऊक होते. घरी ठाऊक नव्हते. "घरी कळलं तर ग्राउंड बंद होईल, मॅडम," ती म्हणाली. तिने हे रडत सांगितले नाही. शाळकरी पोर लपवलेली कैरी दाखवते तशी सांगितले. तिला नोकरी नकोच होती असे मी म्हणणार नाही. पण त्या दोन वर्षांत ती नोकरीसाठी धावत नव्हती, हे मला डोळ्यांनी दिसत होते.

काही दिवसांनी तिचे वडील कॉलेजात आले. टोपी हातात घेऊन स्टाफरूमच्या दाराशी उभे राहिले. एक स्थळ आले होते; मुलगा चाकणला कंपनीत. "मॅडम, तुमी रोज बघता. लागंल का पोरगी भरतीत? लागनार आसंल तर थांबतो वर्सभर." खरे सांगितले असते तर त्या बापाने डोक्यात मांडलेला हिशेब सरळ झाला असता. मी म्हटले, "प्रयत्न करू द्या तिला." ते थांबले. वर्षभर नाही, आठ महिने. मग कोणी तरी उंचीचे बोलले, मे २०२४ मध्ये लग्न झाले आणि त्या लग्नाच्या पंगतीत त्या गृहस्थांनी मला आग्रहाने जिलेबी वाढली. मुलीला आठ महिने मिळवून दिले म्हणून मी स्वतःला शाबासकी द्यावी, की एका कष्टकरी माणसाला फसवले म्हणून तोंड लपवावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. दोन्ही एकाच वाक्याने केले आहे.

ज्यांच्या धावण्याचे आपण कौतुक केले त्यांच्याकडे पाहिले तरी हाच नियम दिसतो. बारामतीच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी धावलेल्या लता करे महाराष्ट्राला ठाऊक आहेत. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून साठीच्या या बाई धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात जिंकल्या. २०२० मध्ये त्यांच्यावर चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेखही झाला. त्या बाईंपुढे कोणीही नमावे. माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही, आपल्याविषयी आहे. त्या गोष्टीत आपल्याला भावली ती पतिव्रता. शर्यत पुढच्या वर्षीही होती आणि त्या पुन्हा धावायला उतरल्या, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. दुसऱ्यांदा स्टार्टलाइनवर उभे राहताना त्यांना काय वाटले असेल, हे मला विचारायला आवडेल. आणि परभणीच्या ज्योती गवते? २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये त्या पूर्ण बेचाळीस किलोमीटर दोन तास पन्नास मिनिटे आणि वर काही सेकंदांत धावल्या आणि भारतीय स्त्रियांत पहिल्या आल्या. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणची ही बाई. पण वर्गात नाव विचारले तर साठांतल्या दोघांचे हात वर होतात. मालिकेचे नाव विचारा, साठ हात वर होतील.

येथे माझ्यावर एक आक्षेप येईल, आणि तो मी स्वतःच घेते. सातव्या वेतन आयोगाचा पगार घेणाऱ्या बाईने हौसेचा हक्क मागणे म्हणजे काय? कापसाच्या हंगामात मी परतते त्या वेळी वेचणीच्या बायका टेम्पोत बसून शेताकडे निघालेल्या असतात. दिवसभर वाकून किलोवर मजुरी. एकदा टेम्पो जिनिंगपाशी थांबला होता, तेव्हा एकीने हाक मारली, "बाई, येवढी ताकद उतू चाललीय तर चला की येचायला!" सगळ्या हसल्या, मीही हसले. मग दुसरीने माझ्या बुटांकडे पाहत विचारले, "केवढ्याला पडले?" मी खऱ्या किमतीच्या चौथाई सांगितली. तरीही तिने गालावर हात ठेवला. हे तिसरे खोटे.

'हौशी' या शब्दाचा इतिहासही तसा निर्मळ नाही. इंग्रजांच्या खेळांत ज्याला हौशी म्हणत त्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या नियमांत कारागीर आणि मजूर बसत नसत. हातांनी पोट भरणारा माणूस हौशी असूच शकत नाही, असा तो न्याय. आपल्याकडे मात्र या नियमाला वेगळेच फळ आले. १९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावत होती. ती पाहून दोराबजी टाटांना हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला धाडण्याची कल्पना सुचली. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्यांचीही वेळ दोन तास पन्नास मिनिटे आणि वर काही सेकंद. चौगुले आणि गवते यांच्यामध्ये जवळजवळ शंभर वर्षे आणि काही सेकंद आहेत. माझी अर्ध्या अंतराची वेळ दोन तास एक्कावन्न मिनिटे आहे, हेही येथेच सांगून टाकते. तेव्हा वेचणीच्या बाईला हौस परवडत नाही, हा आक्षेप मी डोके खाली घालून मान्य करते. पण त्यावरून तिच्या हौसेला जागा असू नये, किंवा माझीही बंद व्हावी, असे निघत नाही. तिने बुटांची किंमत विचारली ती मला हिणवायला नव्हे. टेम्पो सुटेपर्यंत ती त्या बुटांकडेच पाहत होती.

मुंबईला मी परभणीहून देवगिरीने गेले. दादरला मावसबहिणीकडे उतरले. नंबराचा कागद घेण्याच्या रांगेत पुढच्या बाईंनी गाव विचारले आणि मी सांगताच त्यांचे डोळे मोठे झाले : "मानवत? म्हणजे ते मालिकेतलं?" मी म्हटले, तेच. यानंतर त्या माझ्याशी जरा जपून बोलल्या.

रविवार, १९ जानेवारी. पहाटे माहीमच्या रेतीबंदरावर हजारो माणसे अंधारात उभी होती, आणि कोणीही कोणाला दवाखान्याचे विचारीत नव्हते. मला वाटले, आपण पोचलो. येथे कारण लागत नाही. पण पाहू लागले तर जिकडेतिकडे कारणेच. कोणाच्या पाठीवर कर्करोगाच्या मुलांसाठी, कोणाच्या छातीवर अंधांसाठी, कोणी पाण्यासाठी, कोणी वाघासाठी. या स्पर्धेतून दरवर्षी सेवाभावी संस्थांना मोठा निधी उभा राहतो आणि त्यात वाईट काहीच नाही. तरी माझ्या मनात आले की शहरालाही हौसेची लाज वाटते. तेथे ती झाकायला छापील फलक मिळतो, आमच्याकडे साखर. शेजारची एक तरुण मुलगी हसून हिंदीत म्हणाली, "आपण कोणासाठी धावताय?" आयुष्यात पहिल्यांदा 'कोणासाठीही नाही' म्हणण्याची सोय होती. त्या गर्दीत मला कोणी ओळखत नव्हते. आणि मी काय म्हणाले? "माझ्या एका विद्यार्थिनीसाठी." तिने मला मिठी मारली. तिचे डोळे भरून आले. मी तेथे उभी राहून स्वतःवर चिडले होते, तोच गर्दी हलली.

पहिले काही किलोमीटर त्या चिडण्यातच गेले. मग सागरी सेतू आला. एरवी त्यावर माणसाला पायी जाऊ देत नाहीत. खाली काळे पाणी, वरून खारा वारा, आणि हजारो पावलांचा एकच आवाज; मला पिकावर येणाऱ्या वळवाच्या सरीची आठवण झाली. वरळीला उजाडले. हाजीअलीनंतर पेडर रोडचा चढ येतो, त्याची सगळे फार भीती घालतात. मानवतचा रस्ता पाटासारखा सपाट. चढाचा सराव मी करणार कुठे? गुडघे बोलू लागले. त्या चढावर दोन्ही बाजूंना इमारतींतली माणसे खाली उतरून उभी होती. संत्र्याच्या फोडी, बिस्किटे, मीठ, पाणी. एक ऐंशीच्या घरातल्या आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि येणाऱ्याच्या छातीवरचा नंबर वाचीत होत्या. नंबराबरोबर तेथे नावही छापलेले असते. माझे नाव त्यांनी मोठ्याने वाचले आणि माहेरच्या माणसासारखी हाक मारली. आडनाव नाही, मॅडम नाही, वहिनी नाही, अमक्याची आई नाही. नुसते नाव. मानवतमध्ये बावीस वर्षांत मला या नावाने रस्त्यावर कोणी हाक मारलेली नाही. त्या हाकेनंतरचा चढ मी कसा चढले हे आठवत नाही, पण वर पोचेपर्यंत त्या मुलीला दिलेले उत्तर डोक्यातून गेले होते, विद्यार्थिनी गेली होती, सासूबाईही गेल्या होत्या. मरिन ड्राइव्हवर ऊन आले. दुखत होते. मला मजा येत होती. यापलीकडे त्यात काही नव्हते, आणि तेवढेच सांगण्यासाठी मी तीन वर्षे शब्द शोधत होते.

पदकाचा फोटो मुलाने मोबाइलवर टाकला, तो पाहून त्याच संध्याकाळी चाकणहून तिचा फोन आला. "मॅडम, घरी काय सांगितलं होतं शेवटी?" मी म्हटले, "डॉक्टर." ती इतकी हसली की तिकडे कोणी तरी काय झाले म्हणून विचारले. मग म्हणाली, "इथं बरं आहे. पहाटे कंपनीच्या बसा सुटतात, रस्त्यावर सगळे घाईतच असतात. कोणी कोणाला विचारत नाही." मी पुढचे विचारणार होते, पण तिच्याकडे कुकरची शिटी झाली आणि तिने "ठेवते" म्हटले.

मानवतला परतल्यावर चार दिवसांनी पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, मोटारसायकल मागून आली. गडी नवा होता. "मॅडम, दवाखान्यात कोन हाय?" मी थांबले, नीट श्वास घेतला आणि सांगितले, "कोणी नाही. सगळे चांगले आहेत. मला आवडतं म्हणून पळते. हौस." तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग समजूतदारपणे मान हलवून म्हणाला, "हौसंला मोल नसतं, मॅडम," आणि निघून गेला. मला हलके वाटले. दुपारी कॉलेजच्या शिपायाने चहा ठेवता ठेवता हळूच सांगितले की दूधवाला गावात म्हणत होता, मॅडमची साखर लई वाढलीय, पण सांगत न्हाईत.